एकत्र राहत असल्याचा दाखला

पेन्शनर माणसाला दाखल्याचं भय उरत नाही. दर नोव्हेंबरात मी बँकेत जातो आणि मी जिवंत असल्याचा दाखला देऊन येतो. खिडकीमागचा मुलगा आधी माझ्याकडे बघतो, मग कागदाकडे बघतो आणि शेवटी कागदावर विश्वास ठेवतो. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटत नाही. इतिहासात तरी दुसरं काय असतं? ज्याचा कागद सापडला तो जगला, बाकीचे नुसतेच होऊन गेले.

म्हणून लिस्बनहून पुतणीचा फोन आला आणि "काका, तुमचा एक दाखला हवाय," असं ती म्हणाली, तेव्हा मी निर्धास्तपणे चष्मा पुसला.

"कसला गं?"

"मी आणि तो एकत्र राहतो असा."

'तो' कोण हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कुणाला सांगितलेलं नव्हतं. तो पोर्तुगीज आहे. दोघं एका कचेरीत काम करतात आणि पावणेदोन वर्षांपासून एका घरात राहतात. लग्न केलेलं नाही. करायचंच नाही असंही नाही, पण व्हिसासाठी म्हणून करायचं नाही, एवढा पुतणीचा हट्ट. आता दोघांना कॅनडाला जायचंय. तिथलं सरकार म्हणतं, लग्न नसलं तरी हरकत नाही. पण निदान एक वर्ष सलग, एका छपराखाली, नवरा-बायकोसारखं राहिल्याचा पुरावा आणा. भाडेकरार दोघांच्या नावावर दाखवा, बँकेचं खातं दाखवा, विजेची बिलं दाखवा. शिवाय तुमचे नातेवाईक तुम्हाला जोडपं समजतात हेही दिसू द्या. म्हणजे घरच्यांची पत्रं आणि सणासमारंभातले फोटो.

इथे माझ्या पोटात गोळा आला. कारण आमचं गाव महाळुंगे पडवळ. तालुका आंबेगाव, बाजार मंचरचा, कोर्टकचेरी घोडेगावला. हुतात्मा बाबू गेनूंचं हे गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापड घेऊन निघालेल्या लॉरीपुढून जो गिरणीकामगार हटला नाही, तो आमच्या मातीतला. परदेशी माल अडवायची आमची परंपरा ही अशी थोर आणि रक्ताने लिहिलेली. आणि त्या गावात माझ्या पुतणीला एक अख्खा पोर्तुगीज आणून, त्याच्याबरोबर ओट्यावर उभं राहून, फोटो काढून घ्यायचा होता!

दादा, म्हणजे तिचे वडील, फोनवर एवढंच म्हणाले, "येऊ देत." वहिनींनी मात्र सगळा बेत आखला. गावाला सांगायचं, की कंपनीतले साहेब शेती बघायला आलेत. साहेबांची झोपायची सोय मळ्यातल्या खोलीत. दोघांनी एका वेळी ओट्यावर यायचं नाही. आणि फोटो? फोटो मुळीच नाही. "भावजी, तुम्ही तेवढं त्या कॅनडाला समजावून लिहा," असं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

थोडक्यात, जे गावापासून लपवायचं तेच परक्या सरकारला पुराव्यानिशी ओरडून सांगायचं, अशी ही कामगिरी. संकट आलं की लोक देव्हाऱ्याकडे जातात. मी पुस्तकांच्या कपाटाकडे जातो.

कपाटाने पहिल्यांदा धीर दिला. आमच्या भागाला परदेशी माणूस नवा नाही. जुन्नरच्या डोंगरांत लेणी आहेत आणि त्यांतल्या शिलालेखांत यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक, दान देताना दिसतात. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्याने भोजनमंडप दिला. नाणेघाटातून व्यापार चाले आणि ही मंडळी घाट चढून येत. दगडावर त्यांचं नाव आहे, कुठले ते आहे, काय दिलं ते आहे. विवाहित की अविवाहित, हा रकाना नाही. आपल्या पूर्वजांना टाक्यातल्या पाण्याशी मतलब होता.

तो रकाना पुढे आला. आणि गंमत अशी, की आपल्या बाजूला तो ठळक अक्षरांत पहिल्यांदा भरून घेतला तो पोर्तुगीजांनीच. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं आणि त्याच्यापुढे प्रश्न पडला, की हजारो मैल लांबून आणलेले हे शिपाई इथे टिकवायचे कसे? त्याने तोडगा काढला. इथल्या बायकांशी लग्न करा. घर देतो, जमीन देतो, वर रोकड देतो. जो लग्न करी तो 'काझादो', म्हणजे लग्न झालेला, स्थायिक, नगरात मान असलेला. जो न करी तो 'सोल्दादो', शिपाईगडी, आज इथे तर उद्या मलाक्क्याला. एका माणसाचा अख्खा दर्जा लग्नाच्या एका कागदावर! बायकोचा आधी बाप्तिस्मा व्हायचा. त्यांतल्या पुष्कळजणी नुकत्याच हरलेल्या आदिलशाही बाजूच्या घरांतल्या होत्या. त्यांना कुणी काय विचारलं असेल, याची कल्पना न केलेलीच बरी. सरकार दोन देशांच्या माणसांची लग्नं लावतं तेव्हा त्यात प्रेम असेलच असं नाही, एवढं मी वर्गात मुलांना सांगत असे. मुलं 'लग्न' हा शब्द ऐकूनच खुदखुदत.

पुढे पोर्तुगालच्या राजाने उलटीही वाट काढली. लिस्बनहून अनाथ मुली जहाजात घालून गोव्याला धाडायच्या. हुंडा म्हणून काय, तर सरकारी नोकरी. जो त्या मुलीशी लग्न करील त्याला अमक्या ठाण्याची कारकुनी! आपल्याकडे नोकरी बघून मुलगी देतात. त्यांनी मुलीबरोबर नोकरीच दिली. फरक फक्त क्रमाचा.

आणि मुंबईचं तर विचारूच नका. आमच्या तालुक्याच्या चार पिढ्या ज्या मुंबईवर जगल्या, ती मुंबईच मुळी दोन देशांच्या जोडप्याची भानगड आहे. १६६१ च्या करारात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायची ठरली आणि हुंड्यात मुंबई बेट गेलं. कॅथरीन १६६२ साली बोटीने निघाली आणि पोर्टस्मथला उतरल्यावर लग्न लागलं. म्हणजे देश सोडला तेव्हा बाईसाहेब अविवाहित! पण तिला कुणी विजेचं बिल मागितलं नाही. उलट इथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट द्यायला जी खळखळ केली ती १६६५ पर्यंत चालली. हुंडा वेळेवर न देण्याची प्रथा फक्त आपलीच, असं उगीच म्हणतात. नवरदेवालाही त्या बेटाचं फारसं कौतुक नव्हतं. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यांच्यात पण हुंडा असतो व्हय? मग यानं काय आणलंय?"

त्याने लोणच्यासारखे मुरवलेले ऑलिव्ह आणले होते आणि दोन बाटल्या, ज्या दादांनी न बोलता फडताळात ठेवल्या. फेब्रुवारीत दोघं आली. परदेशी पाहुणा घरी उतरला तर चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावं लागतं, म्हणून मी संगणकावर बसलो. गावाला कळायला अर्धा तास लागला. पलीकडचे एक म्हातारे गृहस्थ ओट्यापाशी येऊन काठीवर रेलले, पाहुण्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, बाबू गेनूच्या गावात परदेशी माल आणला म्हना की."

"त्यांनी कापड अडवलं होतं हो. माणूस नव्हे."

"त्ये खरं. पर कापड परत धाडता येतं."

पहिल्याच रात्री वहिनींच्या बेतातलं एक कलम गळालं. मळ्यातल्या खोलीला लागून ऊस आणि उसात बिबट्या, हे आमच्याकडे नित्याचं. साडेसातला लांबून काहीतरी गुरगुरलं आणि साहेबांची वळकटी घरात आली. बिबट्याला व्हिसा लागत नाही ही एक त्याची चांगली सोय आहे.

दुसऱ्या दिवशी तर तो चक्क मराठी बोलू लागला. झालं असं, की आत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, ओट्यावर बटाटे निवडत होती. तिने कुणाला तरी हाक मारली, "ते घमेलं आण गं." हा उठला आणि घमेलं घेऊन आला! कारण 'गामेला' त्यांच्याकडचंच. बटाटा त्यांच्याकडून आलेला, चावी त्यांची, बादली त्यांची, आणि मी ज्याच्यावर आयुष्य काढलं तो पगारही त्यांचाच. सातगाव पठारावर पोत्यांनी बटाटा काढणाऱ्या आमच्या लोकांना मी कितीदा सांगितलं, की हा शब्द परका आहे. कुणी मानत नाही. आत्याने मात्र तेव्हापासून त्याला कामाला लावलं. जेवताना वहिनींनी मासवडी केली होती. नावात मासा आहे असं कुणीतरी त्याला सांगितल्यामुळे तो शेवटच्या घासापर्यंत बेसनात मासा शोधत होता.

रात्री दादांनी विषय काढला. "इथंच का नाही राहत? आपल्याकडे काय वाईट आहे?"

पुतणीने वही काढली. आपल्याकडे 'लग्न न केलेला जोडीदार' असा व्हिसाचा प्रकारच नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं, तर दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहायचं, नोटीस द्यायची आणि ती कचेरीत तीस दिवस सगळ्यांना वाचायला लावून ठेवायची. नोंदलेलं लग्न दोन वर्षं टिकलं तर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मागता येतं. नागरिकत्व हवं तर सात वर्षं इथे राहून मग अर्ज. अमेरिकेला तर वाग्दत्त म्हणून नेता येतं, पण नेणारा अमेरिकन नागरिक हवा आणि पोचल्यावर नव्वद दिवसांत लग्न लावायला हवं. जर्मनीला लग्नच लागतं. ब्रिटनला दोन वर्षांचं नातं लागतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एका वर्षावर भागवतात. खुद्द पोर्तुगालात दोन वर्षं एकत्र राहिलं की कायदा त्याची दखल घेतो. पंचांगात मुहूर्त बघावा तशी ती एकेक देश बघत होती.

आणि कॅनडात गुण जुळावे लागतात. हे ऐकून वहिनी पहिल्यांदाच नीट सावरून बसल्या. कॅनडाने १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली: वय, शिक्षण, भाषा, काम यांना गुण. आता ते बाराशेपैकी देतात आणि जोडीदाराच्या वाट्याला त्यांतले फार तर चाळीस. आपल्याकडचे छत्तीस आणि त्यांचे चाळीस, म्हणजे हिशेब फारसा लांब नाही. "मग पत्रिका दाखवली का?" वहिनी म्हणाल्या. पुतणी म्हणाली, "दाखवली की. इंग्रजीच्या परीक्षेची."

दादा हसले नाहीत. "ते सगळं असू दे," ते म्हणाले. "माझी मुलगी लग्नाशिवाय राहते, असं मी लिहून देऊ? बापाने? आणि तेही सरकारला?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मी पुन्हा कपाटाकडे गेलो. पण या वेळी कपाटानेही धीर दिला नाही.

कारण न लावलेल्या लग्नाचं काय होतं, हे इतिहासात नीट लिहून ठेवलंय, आणि ते आपल्या पुण्याचंच आहे. १७९८ ते १८०१ पर्यंत पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता विल्यम पामर. फैज बक्श बेगम ही त्याची आयुष्याची सोबतीण. चर्चमधला कागद नाही. तरी १८१६ मध्ये पामर मरेपर्यंत दोघं एकत्र राहिली, मुलं वाढवली. कॅनडाच्या साहेबाने तपासली असती तर पहिल्या नंबराने पास झाली असती अशी जोडी! पण ती दोघं इथेच राहिली म्हणून निभावलं. पामरच्या ओळखीचा, हैदराबादचा रेसिडेंट कर्कपॅट्रिक, याची गोष्ट बघा. खैरुन्निसाशी त्याने मुसलमानी रीतीने लग्न केलं होतं. ते विलायतेत कोण धरतो? १८०५ मध्ये दोन लहान मुलं शिक्षणासाठी इंग्लंडला धाडली. त्याच वर्षी बाप कलकत्त्यात वारला. आई इथेच राहिली. मुलं तिला पुन्हा कधी दिसली नाहीत. त्या काळी अशा शेकडो 'बीबी' होत्या. साहेब मायदेशी निघाला, की साहेब जाई, कधी मुलं जात, बीबी बंदरावर राही. जहाजावर तिच्यासाठी रकाना नव्हता.

आणि लग्न लावून तरी सगळं सुरळीत होई असं नाही. बावला खून प्रकरणानंतर गादी सोडलेले इंदूरचे तुकोजीराव होळकर १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन मुलीशी लग्न करायला निघाले, तेव्हा शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिला हिंदू करून घेतलं आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. केसरीपासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळा महाराष्ट्र त्यावर बोलत होता. पण तिकडची गोष्ट इथे फारशी कुणाच्या कानावर नव्हती. भारतीय माणूस अमेरिकेचा नागरिक व्हायला अपात्र, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ठरवलं होतं. आणि अशा अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व १९३१ पर्यंतच्या कायद्याने आपोआप जाई. ब्रिटिश बायकांचंही परदेशी नवरा केल्यावर १८७० पासून १९४८ पर्यंत तेच. माप ओलांडताना आपल्याकडे आडनाव जातं. त्यांच्याकडे देश जात होता.

एक गोष्ट मी त्या रात्री मोठ्याने वाचली नाही. १९७९ च्या जानेवारीत एक भारतीय शिक्षिका लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरली. वय पस्तीस. तिथे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी ती लग्न करणार होती. नियम असा, की लग्न झालेल्या बायकोला आधी इथे रांगेत थांबून परवाना काढावा लागे. लग्न व्हायचं असेल तर तीन महिन्यांच्या बोलीवर थेट येता येई. म्हणून अधिकाऱ्यांना संशय, की ही खरंच अविवाहित आहे का? आणि ते ठरवायला त्यांनी तिची डॉक्टरकडून तपासणी करवली. गार्डियनने बातमी छापल्यावर गहजब झाला आणि तो प्रकार बंद करावा लागला. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. ती माझ्याच पेशातली होती. तिच्याकडेही कागद मागता आला असता. त्यांनी कागद नाही मागितला.

लग्नाविना जोडीदार हा रकाना त्यानंतर कितीतरी उशिरा आला. ब्रिटनने १९९७ मध्ये सवलत म्हणून दिला, २००० मध्ये नियमांत घातला; कॅनडाने २००२ च्या कायद्यात. त्यासाठी जे भांडले त्यांत पुष्कळ समलिंगी जोडपी होती. त्यांना लग्नाची परवानगीच नव्हती, तर लग्नाचा कागद आणणार कुठून? त्यांनी उघडलेल्या दारातून आता आमची पुतणी निघाली होती आणि दार अडवून दादा बसले होते.

सकाळी ओट्यावर पुन्हा तोच विषय. आत्या एका अंगाला पाय पसरून बसली होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणजे तिला हवं ते सगळं ऐकू येतं.

"काय मागतंय त्ये सरकार?" तिने विचारलं.

मी सांगितलं, "एक वर्ष सलग एकत्र राहिल्याचा पुरावा."

"सलग वरीसभर?"

"हो."

आत्या बोटं मोजत बसली. मग म्हणाली, "मग माजं लगीन तर नापासच म्हनायचं."

दादा म्हणाले, "काहीतरीच काय आत्या!"

"काहीतरी न्हाई. तुजा मामा परळला गिरणीत. यात्रेला आठ दीस यायचा, सुगीला पंधरा. न्हायतर मनीऑर्डर. मी सतराव्या वर्सी आले ती अठ्ठावीस वर्सं अशीच. बयाऐंशीच्या संपात गिरणी गेली तवा मानूस कायमचा घरी आला. तवा कुटं मला कळलं, की त्याला भाकरीचा पापुद्रा आवडत न्हाई." ती जरा थांबली. "चार वर्सं राहिला. मग गेला."

कुणीच काही बोललं नाही. आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या घराघरांतली ही कथा. आमच्या आईचीही जवळजवळ हीच. लग्नाचा कागद, हळदीचा डाग, सगळं होतं. एक छप्पर तेवढं नव्हतं. आम्ही त्याला संसार म्हणत आलो आणि कुणी पुरावा मागितला नाही.

"ही दोघं किती राहिली म्हनालास?"

"पावणेदोन वर्षं."

"मग लिही की. मी सही करते." प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही ती जपून वापरते.

आता आत्याने सही करायची आणि बापाने नाही, हे दिसायला बरं नाही, असं दादांचं मत पडलं. मी मसुदा लिहिला. 'आम्ही खाली सही करणार असे लिहून देतो की' इथपर्यंत झकास जमलं. पुढे इंग्रजीत तासभर अडलो. शेवटी दोन ओळींत खरं तेच लिहिलं. घोडेगावच्या वकिलाने शिक्का मारताना वर बघून विचारलं, "मुलाचं मुलीशी नातं काय लिहू?" दादा म्हणाले, "ते वर लिहिलंय, वाचा." एवढं ते पहिल्यांदाच बोलले.

फोटोही झाला. ओट्यावर आत्या मध्ये, मागे आम्ही. वहिनींनी दोघांच्या मध्ये हातभर अंतर राखायला लावलं, आणि मोबाइल धरणारा पोरगा 'रेडी' म्हणाला तेव्हा स्वतःच पुतणीला कोपराने त्याच्या बाजूला ढकललं. नेमके तेवढ्यात काठीवाले म्हातारबाबा येऊन आत्याशेजारी टेकले, ते उठलेच नाहीत. त्यामुळे कॅनडा सरकारच्या दप्तरी ते आता आमच्या कुटुंबातले ज्येष्ठ म्हणून लागले आहेत.

उत्तर अजून आलेलं नाही. वहिनींचा परवा फोन आला होता. "भावजी, तिकडचा साहेब चौकशीला इथं यायचा का हो?" मी म्हटलं, बहुधा नाही. त्या म्हणाल्या, "न्हाई, आला तर आधी कळवा. मासवडीला आदल्या दिवशी मसाला करावा लागतो."